आमचं हर्बेरियम

नववीत जीवशास्त्राच्या बाईंनी हर्बेरियम, म्हणजे वाळवून जाड कागदावर लावलेल्या झाडाफुलांचा संग्रह, करायला लावलं नसतं तर मी आज झाडांकडे अशी बघत उभी राहिलेच नसते. जाड पुस्तकात फूल ठेवलं की झालं असं बहुतेकांना वाटतं, पण बाईंचं सगळं लक्ष असायचं ते कागद बदलण्यावर. पावसाळ्यात तेरडा नाहीतर सोनकी आणली की दुसऱ्या दिवशी पेपर दमट लागायचा, तो तसाच ठेवला तर फूल काळं पडतं आणि बुरशी धरते, म्हणून सुरुवातीला रोज कोरडा पेपर, मग एक दिवसाआड, आणि वर दगडी पाटा. पुरवण्यांचा गुळगुळीत कागद चालायचा नाही, तो पाणी शोषत नाही. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' म्हणतात ना, पण भराभर वाळवून अंधारात ठेवला तर तो बऱ्यापैकी टिकतो!

जास्वंद जाड असते, ती उभी चिरून अर्धीच दाबायची. फांदीचं एखादं पान मुद्दाम पालथं घालायचं, म्हणजे मागच्या शिरा, लव सगळं दिसतं. आणि पानफुटी, तिचं तर मला अजून आश्चर्य वाटतं, पेपरात दाबलेल्या पानालाही कडेच्या खाचांमधून बारीक रोपं फुटतात, इतकं पाणी त्या पानात साठलेलं असतं. म्हणून ते आधी उकळत्या पाण्यात बुडवून काढायचं, मग दाबायचं.

पुढे मुंबईला सेंट झेवियर्समधलं ब्लाटर हर्बेरियम बघायला मिळालं, १९०६ सालचं आहे ते. तिथल्या शीट बघितल्या आणि बाईंची फारच आठवण आली, कारण साधारण ४२ बाय २८ सेंटीमीटरचं तेच माप बाईंनी आमच्याकडून कार्डशीटवर कापून घेतलं होतं आणि खाली उजव्या कोपऱ्यात लेबल. नाव, कुळ, जागा, तारीख आणि फुलाचा ताजेपणीचा रंग. ग्रामीण शाळेतल्या मुलांकडून इतकं नीट काम करून घेणाऱ्या बाई आम्हाला मिळाल्या, हे आमचं भाग्यच. माझ्या मते नुसतं सुंदर वाळलेलं फूल फ्रेममध्ये छान दिसतं, पण जागा आणि तारीख नसेल तर अभ्यासाला त्याचा फारसा उपयोग नाही.

आत्ता शाळेत असलेल्या मुलांना एक आग्रहाने सांगते, शाळेच्या या महोत्सवी वर्षात आपल्या आवारातल्या प्रत्येक झाडाची एक शीट करा, बहावा, बूच, पारिजातक, कुंपणाची मेंदीसुद्धा. कासच्या पठारावर वगैरे गेलात तर तिथलं काही तोडू नका, तिथे बंदी आहे आणि ती योग्यच आहे, आवारातलंच भरपूर होईल. बुचाची फुलं सकाळी लवकर वेचा, ऊन चढलं की मलूल होतात. फाइलमध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला, कसर कमी लागते. आणि फुलासोबतची चिठ्ठी पेन्सिलनेच लिहा, दमट पेपरात शाई फुटते.