अर्थ काढणाऱ्या बाई

आमच्या घराण्यात अर्थ काढणं हा पूर्णवेळ उद्योग आहे. लग्नपत्रिकेत काकांचं नाव आत्याच्या यजमानांच्या खाली का छापलं, मामींनी ‘या हं एकदा’ म्हणताना दाराकडे का पाहिलं, आहेराच्या साडीचा तोच रंग नेमका कसा निघाला, यावर आमच्याकडे दुपारच्या दुपार खर्ची पडल्या आहेत. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण ज्यांच्या माजघरात जन्मली, त्यांच्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार? मोबाइल आला तेव्हा वाटलं होतं, आता सगळा लेखी कारभार, शंकेला जागा उरणार नाही. झालं उलटंच. पूर्वी निदान आवाजाचा चढउतार कानावर पडायचा, आता पडद्यावर नुसतं ‘बरं’ उमटतं. त्यापुढे पूर्णविराम असला तर विषय गंभीर. माझी एक मावसबहीण त्या टिंबावरून समोरच्या माणसाच्या मनात गेले सहा महिने काय साचलंय ते सांगते. तिचं चुकलंय असं आजवर कोणी सिद्ध करू शकलेलं नाही, कारण सिद्ध करायची सोयच नाही.

म्हणूनच मला एलिझेबेथ फ्रीडमन या बाईंविषयी जरा जास्त आपुलकी आहे. अमेरिकेत कोड फोडण्याच्या शास्त्राचा पाया ज्या मोजक्या लोकांनी घातला त्यातल्या या एक. पण या क्षेत्रातली त्यांची पहिली नोकरी होती ती अर्थ काढण्याची, तीही जिथे अर्थ नव्हताच तिथून.

जन्म १८९२चा, इंडियाना राज्यातल्या हंटिंग्टनचा. घर शेतकरी, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं, भावंडं ढीगभर. कॉलेजला जायचं म्हटल्यावर वडिलांनी पैसे दिले खरे, पण कर्जाऊ, सहा टक्के व्याजाने. (आपल्याकडे असं उघड करत नाहीत. आपण ते आयुष्यभर बोलून वसूल करतो.) हिल्सडेल कॉलेजातून इंग्रजी साहित्य घेऊन १९१५ साली पदवी, मग थोडे दिवस शाळेत नोकरी, मग कंटाळा. १९१६ साली शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात शेक्सपिअरच्या नाटकांची १६२३ सालची पहिली एकत्रित आवृत्ती बघायला त्या गेल्या आणि तिथल्या ग्रंथपाल बाईंशी बोलताना नोकरीचा विषय निघाला. ग्रंथपाल बाईंनी एक फोन फिरवला. थोड्याच वेळात दारात मोटार उभी राहिली आणि तिच्यातून जॉर्ज फेबियन नावाचा धिप्पाड, गडगडाटी कापड व्यापारी उतरला. त्याच दिवशी तो एलिझेबेथबाईंना शिकागोजवळच्या जिनिव्हा गावातल्या आपल्या ‘रिव्हरबँक’ या वाडीवर घेऊन गेला.

ही वाडी म्हणजे श्रीमंत माणसाच्या हौसेचं प्रदर्शन होतं. डच पवनचक्की, जपानी बाग, प्रयोगशाळा आणि पगारी संशोधक. त्यांपैकी एक होत्या एलिझाबेथ वेल्स गॅलप. शेक्सपिअरची नाटकं त्याच काळातल्या फ्रान्सिस बेकन या इंग्रज तत्त्वज्ञाने लिहिली आणि तसं त्याने त्याच नाटकांच्या छपाईत लपवून ठेवलं, असा या बाईंचा ठाम विश्वास. आधाराला बेकनचीच एक खरी युक्ती होती. प्रत्येक अक्षराऐवजी ‘अ’ आणि ‘ब’ या दोनच खुणांचा पाच-पाचांचा गट घ्यायचा आणि मग कुठलाही साधा मजकूर दोन किंचित वेगळ्या वळणांच्या टायपात छापायचा. एक वळण म्हणजे ‘अ’, दुसरं म्हणजे ‘ब’. वाचणाऱ्याला समोरचा मजकूर दिसतो, आतला दिसत नाही. युक्ती म्हणून झकास आहे. आजच्या संगणकाचे शून्य आणि एक वेगळं काय करतात?

एलिझेबेथबाईंचं काम होतं भिंगातून तिरप्या टायपातली अक्षरं बघायची आणि त्यांचे दोन गट पाडायचे. गॅलपबाईंना ते गट स्वच्छ दिसत. इतरांना दिसत नसत. कोणी अडलं की पान गॅलपबाईंकडे जाई, त्या चार अक्षरांचे गट बदलून देत आणि मजकूर लागे! पानांचे मोठे फोटो काढून देणारा एक तरुण तिथे होता, विल्यम फ्रीडमन, खरं तर झाडापिकांच्या आनुवंशिकतेवर काम करायला ठेवलेला. दोघांनी मिळून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि हळूहळू दोघांच्याही लक्षात आलं की दोन टाइप नाहीतच. छपाईचे झिजलेले खिळे, पसरलेली शाई आणि ओलसर कागद यांनी अक्षराअक्षरात फरक पडलाय, बस्स. १९१७च्या मे महिन्यात त्यांनी लग्न केलं. एखाद्या गोष्टीत काहीही नाही यावर एकमत होऊन जमलेलं हे लग्न बावन्न वर्षं टिकलं.

या निराशेतून त्यांनी जी कसोटी घडवली तीच मला सगळ्यात मोलाची वाटते. गुप्त मजकूर सापडला असं म्हणायचं तर दोन गोष्टी हव्यात. उलगडलेलं वाक्य भाषेच्या नियमात बसलं पाहिजे, आणि तीच किल्ली, म्हणजे उलगडायचं सूत्र, घेऊन दुसऱ्या कोणी, पहिल्याला न विचारता, सोडवायला घेतलं तर तेच उत्तर आलं पाहिजे. गॅलपबाई दुसऱ्या अटीत अडकल्या. माझी मावसबहीण तर पहिलीपर्यंतही पोचत नाही.

अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा सरकारकडे कोड फोडणारी माणसं जवळजवळ नव्हतीच. रिव्हरबँकवर होती. कागद तिकडे यायला लागले. त्यातच अमेरिकेतल्या गदरवाल्या भारतीय क्रांतिकारकांची पत्रंही आली. पान, ओळ, अक्षर अशा आकड्यांत लिहिलेली, म्हणजे एखादं पुस्तक हाताशी धरून बेतलेली. ती उलगडली गेली आणि त्यांच्यावरच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या खटल्यात विल्यमने साक्ष दिली. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदरचेच, त्यामुळे हा भाग वाचताना माझं मन सरळ सरळ दुसऱ्या बाजूला असतं. कौतुक करावं की चरफडावं, कळत नाही.

त्याच काळातली एक गोष्ट मात्र निर्मळ आनंदाची आहे. ब्रिटिशांकडून एका नव्या यंत्राने बनवलेले पाच छोटे संदेश परीक्षेसाठी आले. विल्यमने अंदाजाने दोन किल्ल्यांपैकी एक ओळखली: ‘सायफर’. दुसरी सापडेना. त्याने बायकोला सांगितलं, खुर्चीत मागे टेक, डोळे मीट, मी एक शब्द म्हणतो, तुझ्या मनात पहिला येईल तो सांग. तो म्हणाला ‘सायफर’, ती म्हणाली ‘मशीन’. किल्ली तीच निघाली. आणि उलगडलेल्या संदेशात काय होतं? हा कोड अजिबात फुटण्यासारखा नाही!

यंत्र कितीही चलाख असलं तरी किल्ली माणूस ठेवतो, आणि माणसाला सुचून सुचून काय सुचणार? आपण पासवर्डात मुलीचं नाव आणि जन्मसाल घालतो, तसंच हे. एलिझेबेथबाईंचं पुढचं सगळं करिअर माणसाच्या या आळसावर उभं राहिलं. १९२०च्या दशकात अमेरिकेत दारूबंदी होती आणि समुद्रातून चोरटी दारू आणणाऱ्या टोळ्या किनाऱ्याशी बिनतारी संदेशांतून बोलत. तटरक्षक दलासाठी बाईंनी एका कारकुनाच्या मदतीने तीन वर्षांत सुमारे १२,००० संदेश सोडवले. कागद, पेन्सिल आणि चौकटी. कुठलं अक्षर किती वेळा येतं, कुठल्या दोन अक्षरांची जोडी पुन्हा पुन्हा जमते, याची मोजदाद. आणि संदेश कुठे सुरू होतो, कुठे संपतो, दारूचं नाव कुठे असणार, याचा अंदाज. दारू आणणारा शेवटी दारूबद्दलच बोलणार.

१९३३ साली न्यू ऑर्लिन्सच्या कोर्टात मोठ्या टोळीचा खटला उभा राहिला. आरोपींच्या वकिलांचा आक्षेप अगदी वाजवी होता. ही बाई म्हणते तोच अर्थ कशावरून? तिने मनचं घातलं नसेल कशावरून? बाईंनी फळा मागवला आणि खडू हातात घेऊन ज्यूरीला पायरी पायरीने शिकवलं. गॅलपबाईंपाशी जे कधी नव्हतं ते इथे होतं: समोर बसलेल्या कोणालाही करून बघता येईल अशी रीत. टोळीचे म्होरके दोषी ठरले.

पण कधी कधी साध्या वाक्यांत खरंच काहीतरी असतं, हेही सांगायला हवं, नाहीतर मावसबहिणीवर अन्याय होईल. १९४२ साली ब्युनोस आयर्सला पाठवलेली काही पत्रं पत्ता सापडला नाही म्हणून अमेरिकेत परत आली. पाठवणाऱ्या म्हणून ज्या बायकांची नावं पाकिटावर होती, त्यांनी ती लिहिलीच नव्हती. पत्रांत होत्या बाहुल्या. एका पत्रात सयामच्या देवळातल्या नर्तकीची बाहुली होती. ती मधोमध फाटली होती, आता दुरुस्त झाली, तिला जोड मिळत नाही म्हणून एका साध्या बाहुलीला कपडे चढवून दुसरी नर्तकी करतेय, वगैरे. फाटलेली बाहुली म्हणजे टॉर्पेडो बसलेली विमानवाहू नौका. दुसरी म्हणजे विमानवाहू करायला घेतलेलं साधं जहाज. लिहिणारी होती न्यू यॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर बाहुल्यांचं दुकान चालवणारी वेलव्हली डिकिन्सन. सगळ्या सहीच्या बायका तिच्याच गिऱ्हाईक. सरकारी वकिलांनी ती पत्रं एलिझेबेथबाईंपुढेही ठेवली. इथे खात्री पटायचं कारण पत्राच्या बाहेर होतं. पत्रातल्या बाहुलीचं आणि गोदीतल्या जहाजाचं दुखणं एकच होतं. डिकिन्सनबाईंना १९४४ साली दहा वर्षांची शिक्षा झाली.

दुसऱ्या महायुद्धात एलिझेबेथबाईंच्या तटरक्षक दलातल्या पथकाने दक्षिण अमेरिकेतल्या नाझी हेरांचे संदेश फोडले, एनिग्मा या जर्मन गुप्तलेखन यंत्रावरचेसुद्धा. श्रेय एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेच्या प्रमुखांनी, हूव्हरसाहेबांनी घेतलं. बाईंनी गुप्ततेची शपथ घेतली होती. १९८० साली त्या गेल्या तेव्हाही त्या कामाच्या फायली बंदच होत्या. आमच्या घरात एखाद्या हळदीकुंकवाचं श्रेय असं गेलं असतं तर तीन पिढ्या बोलणं बंद झालं असतं.

बेकनला मात्र नवराबायकोंनी सोडलं नाही. १९५७ साली त्यांनी एक जाडजूड पुस्तक काढून शेक्सपिअरमधल्या सगळ्या कथित गुप्त संदेशांची एकेक करून चिरफाड केली, आणि त्याच पुस्तकात तिरप्या टायपातल्या एका ओळीत, बेकनच्याच युक्तीने, बेकनचा कबुलीजबाब लपवून ठेवला: ती नाटकं मी लिहिली नाहीत. युक्ती त्यांची फार लाडकी होती. जानेवारी १९१८मध्ये रिव्हरबँकवर शिकून निघालेल्या लष्करी अधिकाऱ्यांचा जो गटफोटो काढला त्यात काहीजण कॅमेऱ्याकडे बघतात, काही मान वळवून उभे. समोर बघणारा ‘अ’, वळलेला ‘ब’. पाच-पाचांनी वाचत गेलं की ‘नॉलेज इज पॉवर’ हे इंग्रजी वाक्य निघतं, फक्त शेवटच्या ‘आर’ला माणसं कमी पडली. विल्यमने तो फोटो टेबलावरच्या काचेखाली ठेवला होता.

१९६९ साली विल्यम गेला. आर्लिंग्टनच्या दफनभूमीतल्या त्याच्या दगडावर बाईंनी तेच वाक्य कोरून घेतलं. त्यातली काही अक्षरं शेपट्यांची, काही बिनशेपट्यांची आहेत. २०१७ साली एलोंका डनिन या कोडप्रेमी बाईंचं तिकडे लक्ष गेलं. पाच-पाचांचे गट पाडले की विल्यमची आद्याक्षरं येतात, डब्ल्यू, एफ, एफ. मीही कागदावर बेकनचा तक्ता मांडून करून पाहिलं, उत्तर तेच आलं. शेवटी एक अक्षर उरतं, तेही ‘आर’च. फोटोत अपुरा राहिलेला, दगडावर जास्तीचा. मी लगेच मावसबहिणीला फोन करणार होते. पण वाक्यात मुळात अक्षरंच सोळा आहेत, पंधरा कामी आली की एक उरणारच.