चिक्शुलूबचं विवर बघायला निघालात? मुक्काम मेरिदात करा, दिवस ओमूनला द्या

लोणारच्या काठावर उभं राहिलं की अख्खं विवर नजरेत मावतं. चिक्शुलूबला तसं काही मिळत नाही. मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावरच्या या गावात दिसतो तो समुद्र, होड्या आणि चौकातलं डायनोसॉरच्या हाडांचं एक छोटं स्मारक. डायनोसॉरना संपवणारी अशनी ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे आदळली, आणि तिचं सुमारे १८० किलोमीटर व्यासाचं विवर निम्मं जमिनीखाली, निम्मं समुद्राखाली, चुनखडीच्या जाड थरांनी झाकलेलं आहे. युकातानची राजधानी मेरिदाहून किनाऱ्यावरच्या प्रोग्रेसोची बस आणि तिथून टॅक्सी, फोटोपुरतं जाऊन या. नकाशात मात्र ‘चिक्शुलूब पुएर्तो’च टाका, ‘चिक्शुलूब पुएब्लो’ हे आतलं निराळंच गाव आहे.

दिवस घालवायचा तो ओमून या गावी. तिथल्या सेनोते, म्हणजे चुनखडीतली नैसर्गिक पाण्याची कुंडं, या विवराची जमिनीवर उमटलेली कड आहेत. आघाताने कडेचा खडक भेगाळला, नंतर वर साचलेली चुनखडी तिथे असमान खचली, भूजलाने तीच वाट धरली आणि दगड विरघळत गुहांची छतं कोसळली. म्हणून केंद्रापासून साधारण ८० किलोमीटरवर कुंडांची कमानच दिसते. उपग्रहचित्र फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, नाहीतर प्रत्येक कुंड म्हणजे नुसतं पोहायचं ठिकाण वाटेल.

आम्ही अरुंद जिन्याने खाली उतरलो. छतातून झाडांची मुळं थेट पाण्यापर्यंत लोंबलेली, पाणी इतकं नितळ की तळातले दगड मोजावेत. भिंतीवर हात फिरवताना एक गोष्ट ध्यानात असू द्या: हा खडक आघातानंतरचा आहे. आघातात भाजलेला, वितळलेला दगड त्याच्या खूप खाली आहे.

तो आधी हाती लागला तेलवाल्यांच्या. पेमेक्स या मेक्सिकोच्या सरकारी तेल कंपनीच्या जुन्या विहिरींत लागलेला वितळून गोठलेला खडक ज्वालामुखीचा समजला गेला. १९७८ मध्ये भूभौतिकशास्त्रज्ञ ग्लेन पेनफील्ड यांना चुंबकीय सर्वेक्षणात समुद्राखाली एक भलीमोठी कमान दिसली. ती आघाताच्या विवराची असावी असं त्यांनी पेमेक्सच्या अँटोनियो कामार्गो यांच्यासोबत १९८१ मध्ये मांडलं, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. डायनोसॉर अशनीमुळे संपले हा सिद्धांत लुइस आणि वॉल्टर आल्वारेझ या शास्त्रज्ञ पितापुत्रांनी इरिडियमच्या (पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, अशनींत जास्त असलेल्या धातूच्या) थरावरून १९८० मध्येच मांडला होता, आणि तरी हे दोन धागे जुळायला १९९१ उजाडलं! त्या विहिरींच्या नमुन्यांत प्रचंड दाबाच्या खुणा असलेलं क्वार्ट्झ सापडलं, तेव्हा वाद बराच निवळला. २०१६ मध्ये समुद्रात छिद्र घेतलं, तर विवराच्या आतल्या वर्तुळाकार उंचवट्यात खोलवरून उसळून वर आलेला ग्रॅनाइट मिळाला.

ओमूनमध्ये मोटोटॅक्सीवाले कुंडांवर फिरवतात. भाडं आधी ठरवा, रोख पेसो जवळ ठेवा. पाण्यात उतरण्याआधी शॉवर घ्यायचा असतो, सनस्क्रीन लावून उतरू नका. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घ्या, कारण काठ पटकन खोल होतो. उन्हाळ्यातलं, एप्रिल-मेमधलं ऊन सोसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं.