जुनी 24-70 लेन्स घेतानाचा माझा अनुभव

मुंडावळ्या बांधण्यापासून सप्तपदीपर्यंत, लग्नाचे फोटो काढताना मला हवं ते जवळजवळ सगळं 24 (रुंद दृश्य) ते 70 मिलिमीटरच्या (जवळचं दृश्य) झूममध्ये बसतं. म्हणून कॅननची पहिली ईएफ 24-70 एफ/2.8 एल घ्यायचं ठरवलं. 2002 साली आलेली ही लेन्स. 2012 मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि ही बंद झाली. आता मिळते ती वापरलेलीच.

फोर्टच्या बोरा बाजारात दोन शनिवार गेले. पहिली लेन्स बाहेरून अगदी नवी वाटत होती. मागून टॉर्च तिरका धरून पुढून पाहिलं, तर आतल्या एका भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी! धुळीच्या चार कणांनी फोटो बिघडत नाही, पण बुरशी भिंगावरच्या कोटिंगला लागते आणि आपल्या पावसाळ्यात तिला आवर घालणं कठीण. दुकानदार साफ करून द्यायला तयार होते, मी नको म्हटलं. आत 16 भिंगं. खोलल्यावर ती पुन्हा अचूक बसतील याची खात्री कोण देणार?

दुसरीची काच स्वच्छ होती. समोरच्या इमारतीच्या खिडक्या 2.8 वर, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून टिपल्या, तर उजवी कडा प्रत्येक फोटोत मऊ, म्हणजे धूसर. कधीतरी पडलेली असणार.

तिसरी घेतली. मागच्या माउंटवरचा (कॅमेऱ्याला जोडायच्या कड्यावरचा) कोड यू-एक्सने सुरू होत होता, म्हणजे जपानमधल्या उत्सुनोमियाच्या कारखान्यातली, 2009 ची. वजन 950 ग्रॅम, मनगटाला जाणवतं. मूळ हूड, म्हणजे आडवा उजेड अडवणारं पुढचं कडं, सोबत होतं, आणि त्यावर मी अडूनच बसलो होतो. या लेन्सचं झूम उलटं चालतं: 24 वर नळी सगळ्यात बाहेर, 70 कडे जाताना आत. हूड मात्र न हलणाऱ्या बाहेरच्या अंगावर बसतं. त्यामुळे 70 वर पुढची काच हूडमध्ये खोल जाते आणि हॅलोजनचा आडवा उजेड अडतो. इतकी सुंदर रचना मी दुसऱ्या कुठल्या झूममध्ये वापरलेली नाही.

घरी पट्टी तिरकी ठेवून फोकस तपासला, तर तो थोडा मागे पडत होता. माझ्या 5डी मार्क 3 कॅमेऱ्यात झूमच्या दोन्ही टोकांना वेगळी दुरुस्ती देता येते. 24 ला -2, 70 ला -6 दिले आणि पट्टीवरची मधली रेघ लख्ख आली.

आता ती हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असते. पुड्या दर महिन्याला बदलतो, पावसाळ्यात दर आठवड्याला.