सात जानेवारीचा पाऊस

सात जानेवारीला फोंड्यात मुसळधार! परवा दुपारी स्क्रीनवर हे वाचून मी एकटाच हसत बसलो. जानेवारीत आमच्याकडे काजूला मोहोर असतो. चुकून एखादी सर येते आणि बागायतदाराच्या पोटात गोळा आणते, पण पन्हळी भरभरून वाहायला लावणारा पाऊस? ती १ जुलै होती, दुसरं काय असणार!

पावसाची फाइल अमेरिकन सेटिंगच्या कुठल्याशा कॉम्प्युटरवरून फिरून आलेली. ०१/०७ दिसलं की त्याच्या लेखी महिना आधी. तेरा तारखेपासून पुढचं त्याला झेपत नाही, कारण तेरावा महिना नाही. मग त्या तारखा तो नुसता मजकूर म्हणून बाजूला ठेवतो. त्या निदान नजरेला तरी पडतात. छळतात त्या पहिल्या बारा. गुपचूप भलत्या महिन्यात जाऊन बसतात, आणि पाऊस नि तापाचे रुग्ण असे दोन तक्ते जोडले की जुलैच्या पावसाशेजारी जानेवारीचे रुग्ण. ०७/०७ तेवढी शहाणी, कुठूनही वाचा.

बरं, तारीख नीट वाचली तरी आत तिचा आकडाच होतो, आणि प्रत्येक प्रोग्रॅमचं शून्य वेगळं. आर, सॅस, स्टाटा, एसपीएसएस हे सगळे आकडेवारीचे प्रोग्रॅम. आर १ जानेवारी १९७०पासून दिवस मोजतो, सॅस आणि स्टाटा १ जानेवारी १९६०पासून. एक्सेल १९००पासून, तेही त्या वर्षी २९ फेब्रुवारी होती असं धरून. ती कधी उगवलीच नव्हती. एसपीएसएस तर १४ ऑक्टोबर १५८२पासूनचे सेकंद मोजतो. तेव्हा गोव्यावर राज्य पोर्तुगीजांचं, आणि त्यांच्या पोर्तुगालात १४ ऑक्टोबर झालीच नाही: ४ ऑक्टोबरला झोपलेली माणसं उठली ती थेट १५ला, नव्या ग्रेगोरियन कॅलेंडरात.

काम सोडून मी १९ डिसेंबर १९६१ घालून बघितली. गोवा मुक्त झाला तो दिवस एक्सेलमध्ये २२६३४, सॅसमध्ये ७१८ आणि आरमध्ये उणे २९३५. उणे! आजीला हे सांगितलं असतं तर तिने मला वेड्यात काढलं असतं. तिचं सगळं मोजणं तिथूनच तर सुरू व्हायचं.

मी शाळेत असताना कसलासा फॉर्म भरायला एक कारकून घरी आला होता. आजी पडवीत कोकमाची सोलं उलटत बसलेली, बोटं जांभळी.

"आजी, जन्मतारीख?"

"पोर्तुगीज गेले तेव्हा ह्याचा बाप रांगत होता."

"त्यांची नको, तुमची सांगा."

"लग्न होऊन आले त्याला तेव्हा तीन पावसाळे झालेले. लग्नात मी सतरा-अठराची असेन. आता तूच काढ."

आजोबांचा पोर्तुगीज अमदानीतला दाखला होता, शिक्का नि सही असलेला. आजी सावंतवाडीकडची, तिचा कागदच नव्हता. कारकुनाने बोटांवर हिशोब केला, पेनाचं टोपण दातात धरलं आणि विचारलं, "१ जून लिहू?"

"लिही रे बाबा, पाऊस तरी लागलेला असेल."

मी स्वतः आता सगळीकडे वर्ष-महिना-दिवस असंच लिहितो. आयएसओ ८६०१ म्हणतात त्याला, १९८८ साली ठरलेली आंतरराष्ट्रीय पद्धत. नुसता मजकूर म्हणून क्रम लावला तरी तारखा बरोबर ओळीने उभ्या राहतात. दूधवाल्याच्या वहीत लिहितो, मिस्कुटाच्या बरणीवरही चिकटवतो. बायको विचारते, ही लोणच्याची बरणी की सरकारी फाइल? विचारू दे. मे महिन्यातली बरणी आधी संपते आमच्याकडे, जूनची नंतर. तिला एवढं सांगून पाहिलं, पण तिच्या मते ती वासावरून कळते. तेही खरंच आहे.

पावसाच्या तारखा संध्याकाळपर्यंत सुलट झाल्या. मग रुग्णांचा तक्ता उघडला. जन्मतारखांच्या रकान्यात, म्हाताऱ्या माणसांपाशी येताच, १ जून, १ जून, १ जून. नियमाप्रमाणे अशा तारखांवर संशयाची खूण करायची असते, आणि मी ती केली. पुसून दुसरं काही लिहायचं तर कोणाला विचारणार?