आईला आणि पोराला घेऊन कशाला फिरता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "आई सत्तरीच्या, मुलगा नऊ वर्षांचा. त्यांना घेऊन डोंगरात नि खाडीत कशाला जाता? तुम्हाला तरी धड फिरायला मिळतं का?" ऐरोलीत आमच्या इमारतीत पाठीवर सॅक दिसली की कुणी ना कुणी हे विचारतंच.

धड म्हणजे टोकापर्यंत, असं धरलं तर नाही मिळत. पनवेलच्या पुढे गोवा हायवेवरून अंगठ्यासारखा सुळका दिसतो, तो कर्नाळा. आम्ही तिथे तीनदा गेलो, पण सगळे मिळून किल्ल्यावर एकदाही पोचलो नाही. पहिल्या खेपेला घरूनच उशिरा निघालो होतो. आई वाटेत दोनदा म्हणाली, "आता पुरे गं." मी मात्र "थोडंच राहिलंय" म्हणत तिला पुढे नेत राहिले. उतरताना तिचा गुडघा धरला. एरवी तासाभरात उतरलो असतो, त्याला तीन तास लागले. पाणी संपलेलं, झाडीत अंधार दाटलेला आणि पोर माझा हात सोडायला तयार नाही. चूक माझी होती. तेव्हापासून अकरा वाजले की जिथे असू तिथून मागे फिरायचं. "परत जाऊया" म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही.

दुसऱ्या खेपेला आई अर्ध्यावर एका दगडावर टेकली म्हणून आम्हीही टेकलो. दहा मिनिटांत समोरच्या फांदीवर स्वर्गीय नर्तक पक्षी येऊन बसला. काळं डोकं, पांढरंशुभ्र अंग, शेपटीच्या दोन लांब फिती वाऱ्यावर हलताहेत. चालत राहिलो असतो तर तो आमच्या आवाजानेच उडाला असता.

खारघरच्या पांडवकड्याला मात्र आम्ही पावसाळ्यात जात नाही. पोराला धबधब्याचं वेड आहे, तरीही नाही. तिथे बंदी असते, आणि ती योग्यच आहे. वर डोंगरात किती पाऊस पडतोय हे खाली पाण्यात उभ्या माणसाला कळत नाही. तिथे जीव गेलेले आहेत.

आता खाडीबद्दल. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती रामसर स्थळांच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. ऐरोलीहून बोट सुटते, पण तिची वेळ रोज बदलते. पाणी पुरेसं चढल्याशिवाय बोट निघत नाही, आणि पाणी उतरून चिखल उघडा पडायला लागला की पक्षी चरायला पसरतात. मी फोनवर भरतीचं वेळापत्रक शोधत बसले होते. आईने कालनिर्णय बघितलं, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला आणि म्हणाली, "शनिवारी त्रयोदशी. पावणेदहाला भरती. इथे आतवर पाणी यायला थोडा वेळ लागेल, तेवढा पुढे धर."

आईचं बालपण रेवदंड्याला, पाण्याच्या काठी गेलं. तिथलं हे गणित: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. तेराची पाऊणपट पावणेदहा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी. शाळेत पाठ केलेली पाऊणकी तिला अजून येते. इतकी वर्षं ती माझ्या घरात आहे, आणि हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

बोटीत ती पुढे बसली, पोर तिला चिकटून. कांदळवन मागे पडलं आणि पुढचा चिखल गुलाबी दिसू लागला. माना खाली, चोच उलटी करून पाणी गाळणं चाललेलं. मधेच काही पक्षी राखाडी. पोराने विचारलं, "आजी, हे आजारी आहेत का?" ती म्हणाली, "लहान असतील." बरोबरच होतं. पिल्लं राखाडीच असतात. शेवाळातून आणि बारीक जिवांतून जे पोटात जातं, त्यानेच हा रंग हळूहळू चढतो. एक थवा उठला तेव्हा पंखाखालचा लाल आणि काळा रंग एकदम उघडा पडला. आई उभी राहायला गेली, नावाड्याने "बसा आजी, बसा" म्हणत तिला खाली बसवलं. तिचा हात मात्र बराच वेळ त्या थव्याच्या दिशेने वर होता.

मी एकटी गेले असते तर किल्ल्यावर पोचले असते, हे खरं आहे. पण मग त्रयोदशीची पाऊणपट कुणी केली असती?

परवा पोर खुर्चीवर चढून कालनिर्णयासमोर उभा होता. बोटांवर बराच वेळ मोजलं, मग स्वयंपाकघराकडे बघून ओरडला, "आजी, एकादशी, सव्वाआठ! बरोबर?" आतून उत्तर आलं, "बरोबर. डबे आदल्या रात्रीच भरायला सांग आईला."