तिथीची पाऊणपट

परवा रविवारी वरळी कोळीवाड्यात मित्राकडे जेवायला गेलो होतो, बोंबील तळायला अजून अवकाश होता म्हणून मित्राचे बाबा म्हणाले चल जरा बंदरावर जाऊन येऊ. तिथे जाऊन मी आपला शहाण्यासारखा मोबाईलवर भरतीची वेळ शोधायला लागलो. काका म्हणाले, "आज तिथी कुठली?" आता मला काय माहीत! तर अष्टमी होती. "मग कर तिथीची पाऊणपट. आठाची पाऊणपट सहा. सहाच्या सुमाराला भरती." अ‍ॅपमध्ये बघितलं तर खरंच फार फरक नव्हता. वर म्हणाले हे भांगाचं पाणी आहे, जास्त चढणार नाही की जास्त उतरणार नाही, खरं पाणी बघायचं तर अमावस्येला ये.

समोरच कोस्टल रोडचा पूल दिसतो. त्याची भानगड तुम्ही पेपरात वाचली असेलच, आधीच्या प्लॅनमध्ये दोन खांबांमधलं अंतर होतं 60 मीटर, मच्छीमारांनी काम अडवलं, मग बैठका, पाहण्या, आंदोलनं, आणि शेवटी एक खांब रद्द करून अंतर 120 मीटर केलं. मला तेव्हा खरंच वाटायचं की अरे 60 मीटर म्हणजे केवढं, होडी ती केवढीशी, एवढा कशाला हट्ट. काकांना तसं बोललो तर हसले. म्हणाले, "तू गाडीच्या हिशोबाने बघतोस. होडीला ब्रेक असतो का?" मग हाताने दाखवलं, वारा इकडून, पाण्याची ओढ तिकडून, समोरून दुसरी होडी येतेय आणि पावसाळी लाट मागून उचलतेय, अशा वेळी होडी सरळ जातच नाही, तिरकी सरकत जाते. हे त्यांना सुरुवातीलाच विचारलं असतं तर तो खांब कागदावरच खोडला गेला असता ना, पण आपल्याकडे आधी टेंडर आणि मग विचारपूस.

घरी येऊन थोडं वाचलं. सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारा नियम 1991 पासून आहे आणि सगळं हाय टाइड लाइनपासून मोजतात, म्हणजे भरतीचं पाणी कुठवर येतं ती रेषा. 2011 च्या नियमात खाडीकाठी बंधनाचा पट्टा 100 मीटरचा होता, 2019 मध्ये तो 50 वर आला. आणि गंमत म्हणजे हॅझर्ड लाइन नावाची अजून एक रेषा आहे, किनाऱ्याची धूप, पूर, समुद्राची वाढती पातळी हे सगळं धरून आखलेली, पण 2019 च्या नोटिफिकेशनप्रमाणे ती वापरायची आपत्ती नियोजनासाठी, बांधकाम किती मागे ठेवायचं ते तिच्यावर ठरत नाही. म्हणजे पाणी कुठे येणार ते माहितीये, तरी घर तिथेच बांधा, फक्त पळायची तयारी ठेवा!

मी दादरचा. आमच्या चौपाटीवर वाळू कधी जाते कधी येते, लहानपणी जिथे क्रिकेट खेळायचो ती जागा मध्ये काही वर्षं पाण्याखालीच होती. वाळू एका जागी बसत नाही हो, तुम्ही एकीकडे भिंत घाला नाहीतर भराव टाका, ती दुसरीकडून उचलली जाते. तिवरांचं तसं नाही, ती लाट मोडतात आणि गाळ धरून ठेवतात, त्यांची तोड थांबवायला मात्र हायकोर्टाला 2018 मध्ये सांगावं लागलं. हे जाऊदे, यावर लिहायला बसलो तर रात्र होईल.

निघताना काकांना वाळवणाच्या जागेबद्दल विचारलं, जिथे बोंबील सुकवतात ती. म्हणाले, "नकाशात ती मोकळी जागा म्हणून दाखवतात रे. मासे सुकून उचलले की मोकळीच दिसणार ना." तेवढ्यात काकूंची हाक आली, बोंबील थंड होतायत म्हणून, मग काय, धावलोच.