काट्यावर उभं न राहता

आमच्या पहिल्या नोंदणी अर्जातला दुसराच प्रश्न होता, ‘सध्याचं वजन किती?’ आलेल्या बहुतेक अर्जांत ती जागा कोरी. मला वाटलं, लोक संकोचतायत. एका बाईंना फोन केला. त्या हसून म्हणाल्या, “मॅडम, त्यासाठी काट्यावर उभं राहावं लागतं ना?”

मी आहारतज्ज्ञ, माझी भागीदार फिजिओथेरपिस्ट. शारीरिक अपंगत्व असलेल्यांना दवाखान्याच्या पायऱ्या चढायला लावण्यापेक्षा आपणच व्हिडिओ कॉलवर भेटू, एवढ्याच विचारावर वजन कमी करायला मदत करणारी फर्म सुरू केली होती. बाकी सगळं नेहमीसारखंच असेल, असं धरून चाललो होतो.

पहिले काही महिने वजन कसं मोजायचं यातच गेले. रुंद, सपाट काट्यावर व्हीलचेअरसकट वजन घ्यायचं आणि नंतर रिकाम्या खुर्चीचं वजा करायचं. गादी आणि मागे अडकवलेली पिशवी दोन्ही वेळा तशीच हवी, नाहीतर आकडा फसतो. एका गृहस्थांनी गोदामातल्या मालाच्या काट्यावर जाऊन फोटो पाठवला, सोबत ओळ, ‘पोत्यांनंतर माझा नंबर लागला.’ ज्यांना तेही जमत नाही, त्यांचा कंबरेचा घेर आडवं झोपवून मोजतो, दर वेळी त्याच स्थितीत.

आकडा मिळाला तरी तक्ता दगा देतो. मज्जारज्जूला इजा झाली की लुळ्या भागातले स्नायू झिजतात आणि चरबीचं प्रमाण वाढतं. म्हणून अशा व्यक्तींसाठी लठ्ठपणाची बीएमआयची (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) रेघ 30 ऐवजी 22 वर ओढावी, असं काही संशोधकांनी सुचवलंय. अख्खा पाय काढला असेल, तर शरीराच्या वजनातला साधारण 16 टक्के वाटा गेलेला असतो. काट्यावरचे 63 किलो हिशेबात 75 धरावे लागतात.

आमची सगळ्यात मोठी चूक यशाच्या भरात झाली. गुडघ्याखाली पाय काढलेल्या एकांचं वजन छान उतरलं, आम्ही कौतुकाचे मेसेज पाठवले. थोड्या दिवसांनी त्यांच्याकडून फोटो आला, उरलेल्या पायाच्या टोकाला जखम. वजनाबरोबर पायही बारीक झाला होता, कृत्रिम पायाचा सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो साचा, सैल पडून घासत होता. हे आधी सांगायला हवं होतं, आम्ही सांगितलं नव्हतं. आता योजना आखण्याआधीच कृत्रिम पाय बसवणाऱ्यांशी बोलतो. बसून राहणाऱ्यांना प्रेशर सोअरचा, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमांचा धोका, म्हणून प्रथिनं कमी करत नाही आणि प्रत्येक कॉलमध्ये त्वचेची चौकशी करतो, वजनाच्याही आधी.

‘भरपूर पाणी प्या’ हे वाक्यही आम्ही सोडलं. बाथरूमला न्यायला दुपारी घरात कोणी नसतं म्हणून सकाळपासून घोटभरही न पिणारी माणसं भेटली. तिथे आधी मदतीचं वेळापत्रक जुळवावं लागतं, बाटली नंतर. नसांच्या दुखण्यावरच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ प्रीगॅबालिनने, वजन वाढू शकतं. गोळीला आम्ही हात लावत नाही, डॉक्टरांना चिठ्ठी लिहून देतो.

धंद्याचं म्हणाल, तर लांबलचक कॉलमुळे बराच काळ तोट्यातच होतो. कोणी तयार ॲप विकायला आलं, त्यात पावलं मोजायची सोय! व्हीलचेअर वापरणाऱ्याला रोज रात्री ‘आज शून्य पावलं’ असा टोमणा. नको म्हटलं. बोटांना टायपिंग जमत नाही त्यांच्यासाठी व्हॉइस मेसेज पुरतात.

अर्जातला दुसरा प्रश्न आता असा आहे: ‘खुर्चीतून पलंगावर जाताना किती जणांची मदत लागते?’ त्या फोनवरच्या बाई अजून आमच्याकडे आहेत. सुरुवातीला त्यांना उचलायला दोघं लागायची, आता सरकफळी लावली की एकटी मुलगी पुरते. त्यांच्या अर्जात वजनाची जागा अजून कोरीच आहे.